दुसऱ्याच्या बांधावर: एचिगो-त्सुमारीचा प्रकरण अभ्यास

इल्या आणि एमिलिया काबाकोव्ह यांना जागा पसंत पडली होती. जपानच्या निइगाता प्रांतात, मात्सुदाईच्या रेल्वे स्थानकाजवळ, नदीपलीकडच्या उतारावर पायऱ्यापायऱ्यांनी चढत गेलेली भातखाचरं. त्या खाचरांत नांगरणारी, पेरणारी, निंदणारी, कापणी करणारी माणसं निळ्या-पिवळ्या सपाट आकृत्यांच्या रूपात उभी करायची. अलीकडच्या काठावरून पाहणाऱ्याच्या डोळ्यांसमोर त्या-त्या कामाचं वर्णन करणारी अक्षरं तरंगती ठेवायची. म्हणजे नजर एकाच वेळी मजकूर वाचेल आणि शेतही पाहील. कल्पना सुंदर होती आणि जगभरच्या संग्रहालयांत नाव झालेल्या कलाकारांची होती.

खाचरांच्या मालकाने नकार दिला.

त्याचं कारण समजण्यासारखं होतं. वय झालेलं, पायाला दुखापत झालेली, आता शेती सोडावी असं मनात घोळत असलेलं. वाडवडिलांनी डोंगर खोदून, माती आणून, पाणी वळवून तयार केलेली ही जमीन. तीत परक्या माणसाने काहीबाही रोवायचं ही गोष्ट पटण्यासारखी नव्हतीच. या कलाकृतीचं निमित्त असलेल्या एचिगो-त्सुमारी कला महोत्सवाचे दिग्दर्शक फ्राम कितागावा यांनी या नकाराची हकीकत पुढे अनेकदा सांगितली आहे. काबाकोव्हांनी या मुलखाचा, इथल्या बर्फाचा, इथल्या शेतीच्या कष्टांचा अभ्यास करून काढलेली रेखाटनं त्या शेतकऱ्यासमोर ठेवली गेली. हे काम आपल्याच आयुष्यभराच्या मेहनतीबद्दल आहे हे त्याने पाहिलं आणि मग तो तयार झाला. 2000 साली 'भातखाचरं' ही कलाकृती उभी राहिली. शेती सोडायला निघालेला तो माणूस पुढे आणखी काही वर्षं तीच खाचरं कसत राहिला.

एचिगो-त्सुमारी कला त्रैवार्षिकी, म्हणजे दर तीन वर्षांनी भरणारा हा महोत्सव, याबद्दल लिहिताना लोक सहसा आकड्यांपासून सुरुवात करतात: इतके कलाकार, इतके देश, इतके पर्यटक. ते आकडे मीही देणार आहे. पण हे प्रकरण अभ्यासायचं ते या नकारासाठी आणि नकार ते होकार या वाटेवर गेलेल्या वेळासाठी. संस्कृतीच्या क्षेत्रात काम करणाऱ्या नेतृत्वाला पाठबळ द्यायचं म्हणजे नेमकं कशाला द्यायचं, याचं इतकं स्पष्ट उत्तर मला दुसऱ्या कुठल्या उदाहरणात सापडलेलं नाही.

मुलूख

एचिगो हे निइगाताचं जुनं नाव. आज एचिगो-त्सुमारी म्हणतात तो सुमारे 760 चौरस किलोमीटरचा डोंगराळ भाग आहे. मुंबई शहर आणि उपनगरं मिळून होतात त्याहून मोठा. 1990 च्या दशकात त्यात सहा स्थानिक संस्था होत्या: तोकामाची हे शहर, कावानिशी, त्सुनान, मात्सुदाई, मात्सुनोयामा ही चार छोटी नगरं आणि नाकासातो हे गाव. त्यांच्या पोटात दोनशेच्या आसपास वाड्या-वस्त्या.

इथला बर्फ हा बोलण्याचा नव्हे, जगण्याचा विषय आहे. हिवाळ्यात दोन-तीन मीटर थर नेहमीचाच. 2006 च्या फेब्रुवारीत त्सुनानमध्ये तो 4 मीटरच्या वर गेला होता. घराच्या छपरावरचा बर्फ वेळेवर खाली ओढला नाही तर घर बसतं. म्हाताऱ्या माणसाला हे काम झेपेनासं झालं की घर सोडावं लागतं. एक घर सुटलं की शेजारच्यांवरचा भार वाढतो. सपाट जमीन थोडी, म्हणून शेकडो वर्षांत लोकांनी डोंगर चिरून खाचरं केली आणि नदीची वळणं बदलून जुन्या पात्रात भात लावला. माणसाचा इथला वावर तर त्याहून कितीतरी जुना. तोकामाचीच्या सासायामा इथे सापडलेली हजारो वर्षांपूर्वीच्या जोमोन काळातली ज्वालेच्या आकाराच्या काठाची मातीची भांडी जपानचा राष्ट्रीय ठेवा आहेत.

1970 नंतर जपान सरकारने भाताचं क्षेत्र कमी करण्याचं धोरण घेतलं. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या 'जास्त पिकवा' हेच ऐकलं, त्यांना आता 'पिकवू नका' असं सांगण्यात आलं. यंत्र चालत नाही अशी उतारावरची चिंचोळी खाचरं आधी बाद झाली. तोकामाचीचा किमोनोच्या कापडाचा धंदाही उतरणीला लागला. तरुण मुलं तोकियोला गेली. शिनानो नदीचं पाणी धरणातून बोगद्यांत वळवून रेल्वे कंपनीने वीज केली, ती तोकियोच्या लोकलगाड्यांना जाते. माणसं गेली, पाणीही गेलं. युकिहिसा इसोबे यांनी पहिल्याच महोत्सवात या नदीचं जुनं पात्र जिथून वाहायचं तिथे शेतांतून पिवळे खांब रोवत नेले. कलाकृतीचं नाव होतं 'नदी कुठे गेली?'. एवढा साधा प्रश्न, पण गावातल्या प्रत्येक म्हाताऱ्या माणसाला त्याचं उत्तर पाठ होतं.

कितागावा नावाचा माणूस

फ्राम कितागावा यांचा जन्म 1946 चा, निइगाता प्रांतातल्याच ताकादाचा. तोकियो कला विद्यापीठात त्यांनी बौद्ध शिल्पांचा इतिहास अभ्यासला. आधीच्या कामांपैकी दोन इथे सांगायलाच हवीत. 1988 ते 1990 या काळात त्यांनी वर्णद्वेषविरोधी कलाप्रदर्शन जपानभर 194 ठिकाणी फिरवलं. हे काम एका मुख्यालयातून रेटून होणारं नव्हतं. प्रत्येक ठिकाणी कुणीतरी स्थानिक यजमान लागायचा, तो जागा शोधणार, माणसं जमवणार, खर्च उभा करणार. दुसरं काम 1994 चं. तोकियोजवळच्या ताचिकावा इथे जुन्या अमेरिकी लष्करी तळाच्या जागेवर उभ्या राहिलेल्या वसाहतीत त्यांनी 36 देशांच्या 92 कलाकारांच्या 109 कलाकृती बसवल्या. हवा सोडणारी नळकांडी, खांब, बाक यांच्याच कलाकृती केल्या. म्हणजे निइगाता प्रांताने 1990 च्या दशकाच्या मध्यावर बोलावलं तेव्हा हा माणूस नवखा नव्हता. ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. गावाला 'प्रयोग' म्हणून कच्च्या माणसाच्या हाती देणं आणि त्यालाच संधी म्हणणं, हे मी बऱ्याच कलाप्रकल्पांत होताना पाहतो.

प्रांताचा हेतू प्रशासकीय होता. लहान नगरपालिकांचं एकत्रीकरण होऊ घातलं होतं. त्याआधी त्या-त्या भागाने स्वतःची ओळख घडवावी आणि त्यासाठी काही वर्षांची योजना आखावी, असं ठरलं. रस्ते-पूल बांधायचा पैसा कलेकडे वळवायचा, हे ऐकून बहुतेकांनी डोक्याला हात लावला. सहाही ठिकाणचे लोकप्रतिनिधी विरोधात होते. समकालीन कला म्हणजे काय हेच इथे कुणाला ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक असण्याचं कारणही नव्हतं.

पहिला महोत्सव 1999 मध्ये व्हायचा होता. विरोधामुळे तो वर्षभर लांबला. 1996 पासून 2000 पर्यंतचा काळ गेला तो बैठकांत. कितागावा दोन हजारांहून अधिक बैठकांचा आकडा सांगतात. समाजमंदिरात, कुणाच्या तरी घरी शेगडीभोवती, शाळेच्या वर्गात. एकाच वाडीत परत-परत. कधी ऐकायला चारच माणसं, कधी रागावलेली चाळीस.

इथे मला थोडं थांबायचं आहे. या चार वर्षांत दाखवण्यासारखं काहीही तयार झालं नव्हतं. छायाचित्र काढावं असं काही नाही, अहवालात लिहावा असा आकडा नाही. आजच्या कुठल्याही अनुदान देणाऱ्या संस्थेचा अर्ज घ्या: पहिल्या वर्षाअखेर किती कार्यक्रम झाले, किती लोक आले, किती टक्के महिला सहभागी, हे रकाने असतात. त्या रकान्यांत एचिगो-त्सुमारीची पहिली चार वर्षं शून्य भरली असती. कार्यक्रम महिन्याभरात उभे करता येतात. पण आपल्या दारात चौथ्यांदा आलेल्या माणसाला गावकरी जेव्हा चहा विचारतो, तो क्षण विकत घेता येत नाही. त्याला पगार लागतो, प्रवासखर्च लागतो आणि 'अजून काही झालं नाही' हे वाक्य ऐकून घेण्याची तयारी असलेला पाठीराखा लागतो. प्रांताने हवं म्हणून असो वा नाइलाजाने असो, हा वेळ दिला. महोत्सवाचं खरं भांडवल तेच होतं.

पसरवून टाकलेला महोत्सव

सल्लागारांची स्वाभाविक सूचना अशी की कलाकृती एका जागी मांडा, बस उभी राहील असं मैदान ठेवा, लोक दोन तासांत सगळं पाहून जेवायला जातील. कितागावांनी उलट केलं. कलाकृती साऱ्या 760 चौरस किलोमीटरवर विखरून टाकल्या. एका कामापासून दुसऱ्यापर्यंत जायला डोंगर ओलांडायचा, वाट चुकायची, गावात कुणाला तरी विचारायचं. हातात महोत्सवाचा पासपोर्ट, म्हणजे तिकिटाची वही, प्रत्येक कलाकृतीपाशी त्यावर शिक्का. येणारा माणूस कला पाहायला निघतो आणि खरं पाहतो ते खाचरं, बंद घरं, छपरांचे उतार, भाजी वाळत घातलेली अंगणं.

20 जुलै ते 10 सप्टेंबर 2000 या 53 दिवसांत पहिला महोत्सव झाला. 32 देशांचे 148 कलाकार, 153 कलाकृती. दोनशेपैकी फक्त 28 वस्त्यांनी जागा दिली होती. पाहुणे आले सुमारे 1 लाख 62 हजार. मरिना अब्रामोविच यांनी उवायु गावातल्या शंभरी ओलांडलेल्या घराचं 'स्वप्नांचं घर' केलं. पाहुण्याने तिथे रात्री पेटीसारख्या पलंगावर झोपायचं आणि सकाळी पडलेलं स्वप्न वहीत लिहायचं. त्या घराची देखभाल गावचे लोक करत आले. जेम्स टरेल यांचं 'प्रकाशाचं घर' कावानिशीत उभं राहिलं, तेही राहता येण्यासारखं. नावं मोठी होती, पण दोन्ही कामं माणसांनी वापरायची घरं होती, हे लक्षात घ्यायला हवं.

बैठका कमी पडल्या तिथे पोरं उपयोगी आली. तोकियो आणि इतर शहरांतल्या विद्यार्थ्यांचं 'कोहेबी-ताई' नावाचं स्वयंसेवक पथक तयार झालं. नावाचा अर्थ छोट्या सापांची टोळी. सुरुवातीला गावांनी त्यांना दारातून परत पाठवलं. रंगवलेल्या केसांची, नाव-गाव ठाऊक नसलेली मुलं कशाला आली आहेत, हा संशय रास्त होता. मग ती मुलं गवत काढू लागली, खाचरांत चिखलात उतरली, कलाकृतीसाठी लागणारी लाकडं वाहू लागली. चुकली तेव्हा म्हाताऱ्यांनी त्यांना कुदळ कशी धरायची ते दाखवलं. माझ्या मते नातं जुळलं ते याच ठिकाणी. ज्या गावाला बाहेरचा प्रत्येक माणूस 'मदत' द्यायला येत होता, तिथे पहिल्यांदाच कुणीतरी शिकायला आलं होतं. गावाकडे देण्यासारखं काही आहे हे गावालाच पुन्हा दिसलं.

दुसऱ्या वेळी, 2003 साली, 38 वस्त्या आल्या. तिसऱ्या वेळी 67. चौथ्या वेळी 92. आमच्याकडेही कलाकार पाठवा, असं गावं म्हणू लागली. दोन हजार बैठकांनी जे अर्धवट पटवलं, ते शेजारच्या वाडीत लोक येताना पाहून पुरतं पटलं.

भूकंप

23 ऑक्टोबर 2004 ला निइगाताच्या चुएत्सू भागात 6.8 तीव्रतेचा भूकंप झाला. 68 माणसं गेली. आधीच रिकामी होत चाललेल्या गावांतून आणखी लोक निघून गेले आणि मागोमाग आला तो 2006 चा भयंकर बर्फ.

महोत्सवाच्या कार्यालयाने त्या काळात कला बाजूला ठेवली. स्वयंसेवक पुन्हा आले ते घरं आवरायला, पडलेलं उचलायला, म्हाताऱ्यांची विचारपूस करायला. सांस्कृतिक संस्थेचं हे काम नाही असं कुणी म्हणू शकलं असतं, पण म्हटलं नाही. त्या घरोघरच्या वावरातूनच 2006 च्या महोत्सवाचा गाभा तयार झाला: रिकामी घरं.

मात्सुदाईजवळच्या तोगे वस्तीतलं एक जुनं घर शिल्पकार जुनइची कुराकाके आणि निहोन विद्यापीठाचे विद्यार्थी यांनी हाती घेतलं. छिन्नीने त्यांनी आतलं सगळं कोरून काढलं. जमीन, भिंती, तुळया, छताची आतली बाजू, काहीच सोडलं नाही. धुरानं काळं पडलेलं लाकूड खालून पांढरं निघालं आणि घराने कात टाकली. नावही तेच ठेवलं, 'कात टाकणारं घर'. मोजकीच कुटुंबं उरलेल्या दुसऱ्या एका वस्तीत 1924 साली बांधलेलं गवताने शाकारलेलं घर भूकंपात खिळखिळं झालं होतं. त्याला 'उबुसुना घर' म्हणून उभं केलं. देशभरच्या नावाजलेल्या कुंभारांनी त्याची चूल, मोरी, न्हाणीघर घडवलं. आणि मग तिथे गावच्याच बायकांनी खानावळ चालवायला घेतली. आपल्या परसातली भाजी, डोंगरातल्या रानभाज्या, आपला भात, आणि तो वाढायचा त्या कुंभारांच्या ताटवाट्यांत.

उबुसुना घराबद्दल मला नेहमी एक गोष्ट सांगावीशी वाटते. इथे 'स्थानिक महिलांचं सक्षमीकरण' असा कार्यक्रम कुणी आखला नव्हता. पाहुणे येणार तर त्यांना खायला कोण घालणार, हा प्रश्न होता, आणि उत्तर देणाऱ्या बायका तिथेच राहत होत्या. आजवर घरच्यांसाठी केलेल्या स्वयंपाकाला परक्या माणसाने पैसे मोजले, चव घेऊन पुन्हा मागितलं. पुढाऱ्यांच्या यादीत अशा बाईचं नाव कधी येत नाही. पण महोत्सव संपल्यावर तो टिकवून धरणारी पुढारी तीच असते.

घरांसोबत शाळांचीही पाळी आली. सानादाची प्राथमिक शाळा 2005 साली बंद झाली. शेवटच्या वर्षी तीन मुलं होती. चित्रकथाकार सेइझो ताशिमा यांनी 2009 मध्ये ती सारी शाळाच एक चित्रपुस्तक करून टाकली. वाहत आलेली लाकडं, बिया, फळांची टरफलं रंगवून त्यांची मुलं, भुतं, प्राणी केले. गोष्ट आहे ती त्या तीन मुलांचीच, शाळा सोडून न गेलेल्या तीन मुलांची. वर्गावर्गातून चालत पाहुणा ती वाचतो. दुसऱ्या एका बंद शाळेत त्याआधीच, 2006 मध्ये, ख्रिस्तियाँ बोल्तान्स्की आणि जाँ काल्मान यांनी 'शेवटचा वर्ग' केला. अंधारा, पंख्यांचा, धडधडणाऱ्या हृदयाच्या आवाजाचा. एकाच दुःखाला दोन अगदी वेगळे आकार आले. कलाकाराला गावाच्या हवाली करताना त्याला त्याची भाषा सोडायला न लावल्याचं हे फळ आहे. स्थानिकतेचा अर्थ सगळ्यांनी लोककलेच्या धाटणीत काम करावं असा लावला असता, तर 'शेवटचा वर्ग' कधी झाला नसता.

तोकामाचीतले वारली

मराठी वाचकासाठी एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. महोत्सवाचा विचारही नव्हता तेव्हा, 1982 मध्ये, तोकिओ हासेगावा या संगीतकाराने तोकामाचीच्या जंगलातल्या ओइके गावच्या बंद पडलेल्या प्राथमिक शाळेत मिथिला संग्रहालय सुरू केलं. तिथे बिहारमधली मधुबनी चित्रं आहेत आणि आपल्या डहाणूच्या वारल्यांची चित्रंही आहेत. हासेगावांनी चित्रं नुसती विकत आणली नाहीत, चित्रकारांनाच बोलावलं. गंजाडच्या कळंबीपाड्याचे जिव्या सोमा म्हसे (1934–2018, पद्मश्री 2011) आणि इतर वारली चित्रकार त्या बर्फाच्या मुलखात राहून काम करून आले. तांदळाच्या पिठीने भिंतीवर लग्नाचा चौक लिहिणारा हात आणि जपानी भातखाचरांचा प्रदेश यांची भेट एका रिकाम्या शाळेत झाली. निवांत जागा, वेळ आणि मोठा कॅनव्हास मिळाला की आपल्या परंपरेतला कलाकार किती विस्तारतो, हे तिथली भव्य चित्रं पाहून कळतं. म्हणजे रिकाम्या शाळेला चित्रांनी जाग आणायची वाट या डोंगरात महोत्सवाच्या बऱ्याच आधी एका एकट्या माणसाने चालून ठेवली होती. संस्थांनी अशी आधीची वाट शोधायला हवी. ती प्रत्येक मुलखात असते.

प्रांताचा पैसा थांबतो

निइगाता प्रांताची आर्थिक मदत पहिल्या तीन महोत्सवांपुरती होती. 2006 नंतर ती थांबणार होती, आणि अशा वेळी बहुतेक प्रकल्प संपतात. इथे 2008 मध्ये सातोयामा सहकार्य संस्था ही ना-नफा संस्था स्थापन झाली. कलाकृतींची देखभाल, घरं आणि शाळा चालवणं, खानावळी, मुक्कामाच्या जागा, शेती, सगळं तिच्याकडे आलं. नाओशिमा बेटावर कलेचं मोठं काम केलेले उद्योजक सोइचिरो फुकुताके याच टप्प्यावर पाठीशी उभे राहिले. पैसा अनेक दिशांनी यायला लागला: पासपोर्टची विक्री, वर्षभर उघड्या ठेवलेल्या घरांचं तिकीट, जेवण, मुक्काम, देणग्या, सरकारी अनुदानं.

यातला निर्णायक भाग मला वाटतो तो 'वर्षभर'. तीन वर्षांतून एकदा पन्नास दिवस येणाऱ्या गर्दीवर कुणाचं घर चालत नाही. कायमच्या कलाकृती, मधल्या काळातले ऋतूनुसार कार्यक्रम, हिवाळ्यातही उघडी असणारी ठिकाणं यांमुळे गावात पगारी काम तयार झालं आणि बाहेरून आलेले काही तरुण तिथे राहू लागले.

पाहुण्यांचा आकडा चढत गेला. 2006 मध्ये सुमारे 3 लाख 49 हजार, 2012 मध्ये 4 लाख 89 हजार, 2018 मध्ये 5 लाख 48 हजार. करोनामुळे 2021 चा महोत्सव 2022 वर गेला आणि 145 दिवसांवर पसरवला. तेव्हा 5 लाख 74 हजार लोक आले. 2024 मध्ये नववा झाला.

आणि आता दुसरा आकडा. तोकामाचीची लोकसंख्या 2005 मध्ये सुमारे 62 हजार होती. 2020 मध्ये ती 50 हजारांच्या खाली आली. महोत्सव मोठा होत गेला आणि गाव लहान होत गेलं, दोन्ही एकाच वेळी. कला गावं वाचवते असं छातीठोक सांगणाऱ्यांनी हे दोन आकडे शेजारी-शेजारी ठेवून पाहावेत. कितागावांनी लोकसंख्या वाढवण्याचं वचन कधी हेतू म्हणून पुढे केलं नाही. इथे उरलेल्या म्हाताऱ्या माणसांना आनंदाचे दिवस मिळावेत, आपण जगलो त्याला अर्थ होता असं त्यांना वाटावं, हे ते सांगत आले. याला कुणी पळवाट म्हणेल. मला तो प्रामाणिकपणा वाटतो. शंभर वर्षांच्या अर्थकारणाने रिकामं केलेलं गाव चित्रांनी भरत नाही. पण उरलेल्यांचं जगणं कसं असेल, हा प्रश्न त्याने छोटा होत नाही.

अडचणी इतरही आहेत. कियोत्सु दरीतला 750 मीटरचा बोगदा 2018 मध्ये मा यानसोंग यांच्या वास्तुसंस्थेने 'प्रकाशाचा बोगदा' केला. टोकाला पाण्याचा आरसा, त्यात दरीचं प्रतिबिंब. तिथे इतकी झुंबड उडाली की पुष्कळ लोक तेवढंच छायाचित्र काढून परततात. विखुरलेल्या महोत्सवाचा सगळा मुद्दाच तिथे हरवतो. दर हिवाळ्यात शेकडो कलाकृती फळ्यांनी झाकायच्या, बर्फातून वाचवायच्या, वसंतात पुन्हा उघडायच्या, हे काम दरवर्षी वाढतं आणि करणारे हात दरवर्षी म्हातारे होतात. स्वयंसेवकांच्या बिनपगारी श्रमावर किती उभं करायचं, हाही प्रश्न सुटलेला नाही. शिवाय कितागावा यांच्याकडे पुढे सेतोउची, इचिहारा, ओमाची, नोतो द्वीपकल्प अशा अनेक ठिकाणच्या महोत्सवांची धुरा आली. एकाच माणसाच्या पायावर इतकी गावं उभी राहणं मला धोक्याचं वाटतं. त्या चार वर्षांत बैठका कशा घ्यायच्या हे त्यांनी स्वतःच्या पायांनी शिकून घेतलं. ते पुढच्या माणसाला देण्यासाठी पुस्तक पुरत नाही, त्यालाही चार वर्षंच द्यावी लागतील. पैसा देणाऱ्यांनी खर्च करायचा तर तो इथे करायला हवा.

पुढचे हात तयार करण्याचा एक प्रयत्न 2015 मध्ये सुरू झाला आणि तो अगदी अनपेक्षित दिशेने आला. एफसी एचिगो-त्सुमारी हा महिलांचा फुटबॉल संघ. खेळाडू मुली इथेच राहतात, संस्थेत नोकरी करतात, सकाळी खाचरांत आणि मग मैदानात. फुटबॉल आणि भातशेती यांचा संबंध काय, असं विचारणाऱ्याने वीस-पंचवीस वर्षांच्या मुलींचा घोळका चिखलणी करताना पाहणाऱ्या ऐंशीच्या आजोबांना विचारावं. त्याच्या जोडीला आहे 'मात्सुदाई तानादा बँक', म्हणजे खाचरांची बँक. कसायला माणूस नसलेली खाचरं संस्था ताब्यात घेते, शहरातले लोक वर्षाचे पैसे भरून त्या खाचराचे पालक होतात, लावणी-कापणीला जमेल तेव्हा येतात आणि सुगीनंतर त्यांच्या घरी तांदूळ पोचतो.

काबाकोव्हांच्या आकृत्या ज्या खाचरांत उभ्या आहेत, त्यांचा मालक अखेर थकला. 2006 च्या सुमारास त्याने शेती थांबवली. आकृत्या तर राहणारच होत्या. पण आजूबाजूला भात नसता तर नांगरणारा माणूस गवतात नांगरताना दिसला असता. ती खाचरं मग महोत्सवाच्या लोकांनी कसायला घेतली. इल्या काबाकोव्ह 2023 मध्ये गेले. खाचरांत दरवर्षी जूनच्या आत लावणी होते, सप्टेंबरात कणसं पिवळी पडतात, आणि नदीच्या अलीकडच्या काठावर उभं राहिलं की निळ्या माणसाच्या गुडघ्यापर्यंत भात आलेला दिसतो.